हेसुकला कोणी शिकवलं

"केस ओले कसे?" मुनसोकने विचारलं.

शाळेतून आलेल्या थोरल्या हेसुकची विस्कटलेली वेणी पुन्हा घालता घालता त्याचा हात थांबला होता. त्याने तिची बट नाकाशी नेली. खारट वास आला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या बेटावर बायका समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले काढत आणि पुरुष घर सांभाळत. मुनसोकही सांभाळी. जवाचा भात शिजवी, बांगडे भाजी, दोघी पोरींची न्हाणीधुणी बघे. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्याचं वैर होतं ते समुद्राशी. त्याची आई, एक शंख खाली राहिला म्हणून पुन्हा बुडी मारायला गेली, ती वर आलीच नव्हती.

बायकोला तो अडवू शकत नव्हता, कारण घर तिच्याच बुड्यांवर चालत होतं. पण पोरींचं त्याने पक्कं ठरवलं होतं. शिकायचं, शहरात नोकरी करायची, समुद्रात पाऊल घालायचं नाही. या भीतीने तो आतून पोखरला होता, आणि त्याची भीती तोंडातून नेहमी राग होऊनच बाहेर पडे. भात सांडला, ओरड. चपला उलट्या पडल्या, ओरड. विहिरीवरून यायला उशीर झाला, मग तर विचारूच नका.

तो ओरडू लागला की दोघी भिंतीला टेकून, ओठ मिटून उभ्या राहत. शेजारची कार्टी आईबापांना उलट उत्तरं देत. याच्या पोरी हूं की चूं करत नसत. पोरींना वळण आहे, असं तो गावभर अभिमानाने सांगे.

आताही दोघी तशाच उभ्या राहिल्या. पाण्यात कोण घेऊन गेलं, आजी का, आणखी कोण, असं विचारत तो इतका तापला की अंगणातल्या कोंबड्या कुंपणापलीकडे पळाल्या. तसाच तो किनाऱ्याकडे निघाला.

किनाऱ्यावर दगडी आडोशाआड बायका शेकोटी करून अंग शेकत. तिथे पुरुषाने पाऊल टाकायचं नसे. मुनसोकने बाहेरूनच सासूला हाक मारली.

"जा गं, जावई आलाय," आतून कोणीतरी म्हणालं. "भात करपला असेल."

आत हशा पिकला. सासू अंगावर घोंगडी ओढून बाहेर आली. तिने काही लपवलं नाही. दुपारी हेसुक एकटीच खडकावर आली होती आणि कोणाला न विचारता तिने उडी घेतली होती. ती खाली इतका वेळ राहिली की म्हाताऱ्या बायका हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. एकीने तर पाण्यात झेप घ्यायची तयारी केली. तेवढ्यात पोर वर आली, हातात हा एवढा शंख घेऊन.

"मी नाही शिकवलं, जावईबापू," म्हातारी म्हणाली. "पोहायला इथलं कुठलंही पोर आपोआप शिकतं. पण एवढा दम आपोआप येत नाही. कोणीतरी रोज करून घेतलंय तिच्याकडून. वर्षानुवर्षं."

"कोणी?"

"घरात विचारा. पण एवढं ऐकून जा. असा दम मी उभ्या जन्मात पाहिला नाही. थोडी मोठी झाली की मी तिला आमच्यात घेणार."

माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही, असं तो ओरडला आणि वाटेतल्या प्रत्येक दगडाला लाथ मारत घरी आला.

संध्याकाळी त्याची बायको ओकसिल परतली. त्याने तिला पाठीवरची टोपलीसुद्धा उतरवू दिली नाही. तूच शिकवलंस, माझ्या पाठीमागे, तुझ्या आईशी संगनमत करून, असा त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. ओकसिलने पायांवर पाणी घेतलं.

"मी पहाटे शेतात जाते आणि तिथून समुद्रावर," ती म्हणाली. "घरी आले की डोळे उघडे राहत नाहीत. पोरी दिवसभर तुमच्याजवळ असतात, हेसुकच्या बाबा. मी कधी शिकवणार?"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच त्याला ते झोंबलं. त्याने जेवणाचा चौरंग लाथेने उडवला. भात चटईभर झाला, किमचीच्या लोणच्याचा वाडगा दारापर्यंत घरंगळला. मग तो आपल्या बुडालेल्या आईबद्दल बोलला, समुद्राबद्दल बोलला, कृतघ्न बायकांबद्दल बोलला, आणि संपलं असं वाटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. दोघी पोरी भिंतीशी उभ्या होत्या. हेसुकचा चेहरा लालबुंद झाला होता, पण तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. हा कोडगेपणा बघून तो आणखीच पेटला.

शेवटी त्याने निकाल देऊन टाकला. उद्याच्या बोटीने हेसुक मुख्य भूमीवर, देगू शहरात आत्याकडे जाईल. तिथे समुद्रच नाही. कोणी शिकवलं ते आत्ताच्या आत्ता कळलं, तर मात्र तो त्या माणसाला बघून घेईल आणि पोर घरी राहील.

तो धापा टाकत थांबला. मग धाकटी मीरान मुसमुसू लागली.

"ताईला नका पाठवू. मी सांगते."

हेसुकने तिचा हात घट्ट दाबला. मुनसोक गुडघ्यांवर बसला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याने आवाज खाली आणला.

"सांग, बाळा. घाबरू नकोस. कोणी शिकवलं ताईला श्वास धरायला?"

मीरानने आधी ताईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कोणीच नाही, बाबा. तुम्ही ओरडायला लागलात की आम्ही दोघी श्वास धरतो. तुम्ही थांबलात की सोडायचा. मी नेहमी मध्येच सोडते. ताई शेवटपर्यंत धरते."