गुरुवारची पाटी

मिलान टॅक्सीवाल्याला चार स्क्रू फिरवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात आपण एक बाळंतपण उरकलं असतं, असं स्तानिया म्हातारीचं ठाम मत होतं. दर गुरुवारी मागच्या सीटवर बसून ती ते त्याला ऐकवायची.

"हात गारठलेत, मावशी."

"हात गारठले नि डोकं तेवढं उबेत. ती टोपी कानांवर शिवून घेतली आहेस का? जूनमध्ये पण हीच होती."

मिलान नुसता हसला. बंद बेकरीच्या भिंतीआड वाकून त्याने गाडीची सर्बियाची नंबरपाटी काढली आणि कोसोव्होची लावली. मित्रोवित्सात इबार नदीच्या या काठाला सर्ब, त्या काठाला अल्बेनियन. पूल ओलांडायचा तर आधी गाडीचे कपडे बदलायचे. चुकीच्या पाटीने गेलं तर काच फुटते. कधी कधी काचेवर भागत नाही.

"आळशी आहेस," स्तानिया म्हणाली. "तिकडची पाटी चिखलाने माखलेली, इकडची कपाटातल्या ताटलीसारखी लखलखीत. पुसायची तर दोन्ही पुसाव्यात."

"पुसतो, मावशी."

चार वर्षं तो 'पुसतो' म्हणत होता. पण गुरुवार त्याने एकही चुकवला नव्हता. काठावरचा दुसरा कुठलाही गाडीवाला तिला पलीकडे न्यायला तयार नसे, आणि पलीकडच्या दफनभूमीत तिचा रादोये झोपला होता. सोळा वर्षांपूर्वी लढाईनंतर ती एका बोचक्यानिशी या काठाला आली, तेव्हा नवऱ्याला काही बोचक्यात बांधता आलं नाही.

दफनभूमीच्या फाटकाशी मिलान नेहमीसारखा थांबला. आत येत नसे. म्हणे, थडग्यांची भीती वाटते.

"एवढा घोडा झालास," असं म्हणून ती काठी टेकत एकटीच आत गेली.

सगळीकडे गुडघाभर बर्फ होतं. रादोयेच्या दगडावरचं मात्र कुणीतरी झाडून ठेवलं होतं. स्तानिया त्या दगडापाशी बसली आणि त्याला आठवड्याच्या बातम्या सांगू लागली. गुडघे तसेच. जिना तसाच. खाली त्यांची जुनी गल्ली दिसत होती.

"हाय्रियेच्या धुराड्यातून धूर येतोय," ती म्हणाली. "म्हणजे आहे अजून शेजारीण. माझ्यासारखीच चिवट. आठवतं का, आपल्या लाल कोंबड्याने तिच्या पोराला टोचलं, तेव्हा रडत ती माझ्याकडे आली होती, तुझ्याकडे नाही. कोंबडा मी कापला नि रुसून तू दोन दिवस जेवला नाहीस."

दगडावरून हात फिरवून ती उठली.

परतताना पूल ओलांडून गाडी पुन्हा बेकरीच्या भिंतीआड थांबली. मिलान पाटी बदलत होता, एवढ्यात तीन तरुण कोपऱ्यावरून आले. पुलाच्या तोंडाशी दिवसभर पहारा देत उभे राहणारे, कामधंदा नसलेले.

"तुला कधी कुणाच्या घरी पाहिलं नाही रे," त्यांतला उंच म्हणाला. "कुणाचा तू?"

"इथलाच. वरच्या आळीतला."

"कुळाचा संत कोण तुझा?"

"संत निकोला," मिलान म्हणाला. अर्ध्या गावाचा तोच होता.

"मागच्याच महिन्यात झाला की सण. काय होतं ताटात?"

"कोकरू भाजलं होतं. अख्खं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. संत निकोलाचा दिवस नाताळच्या उपवासात येतो. त्या दिवशी घरोघरी मासे चालतात. मांसाला कुणी शिवत नाही, गावचा दारुडासुद्धा. उंच तरुणाने पुढे होऊन गाडीच्या टपावर हात ठेवला. मिलानच्या हातातला स्क्रू बर्फात पडला.

मागचं दार उघडलं. आधी काठी बाहेर आली, मग स्तानिया.

"सांग, सगळ्या गावाला सांग," ती मिलानवर कडाडली. "सख्ख्या बहिणीचा मुलगा म्हणून चार वर्षं मी झाकून ठेवतेय. उपवासाला कोकरू! बेलग्रेडची बायको केलीस, तिने तुला बाटवलं. भरल्या ताटावरून उठले मी त्या दिवशी. आणि तू काय बघतोस रे, लांबोड्या? तू वेस्नाचा नातू ना? तिला म्हणावं, स्तानिया येतेय घरी, नातवाला म्हाताऱ्या बायकांच्या गाड्या अडवायला कुणी शिकवलं ते विचारायला."

लांबोड्याने टपावरचा हात काढला.

"जाऊ द्या, आजी."

"जाते. तुझ्या परवानगीने चालले होते का?"

बाकीचे दोघे हसायला लागले. "ने बाबा मावशीला," त्यांतला एक मिलानला म्हणाला, "नाहीतर कोकरासारखं तुलाच भाजेल."

मिलानने गाडी स्तानियाच्या दाराशी आणली. गाडी थांबली तरी मिलानचे हात स्टिअरिंगवरच होते.

"मावशी," तो म्हणाला, "माझ्यासाठी तुम्ही खोटं बोललात."

"उपवासाच्या दिवशी नाही बोलले."

"गुरुवारी येतो."

ती उतरली. पुढच्या खिडकीशी आली, काठीने काच खाली करायला लावली आणि आत हात घालून त्याची टोपी ओढून काढली. थंडीत तो उघडा कान तिने क्षणभर आपल्या तळव्यात धरला. त्याची वरची पाळी नव्हती.

"गुरुवारी तू पूल ओलांडायचा नाहीस, मी चालत पलीकडे येईन, गुडघे गेले खड्ड्यात. तू तिथेच आपल्या मळक्या पाटीने उभा राहा, येताना हाय्रियेला गाडीत घालून आण, आणि डोकं उघडं ठेव, नाझमी. ज्या कोंबड्याने हा कान तोडला त्याचं सूप मीच तुला पाजलं होतं."