चौकातलं आभाळ

“वाकून ये ग, दार ठेंगणं आहे,” सगुणाबाई म्हणेपर्यंत मुग्धाचं कपाळ चौकटीला लागलंच.

“आई गं! आजी, इतकं बुटकं का हो हे?”

“आत येणाऱ्यानं मान वाकवावी म्हणून. मी सतराव्या वर्षी वाकवली.”

मुग्धा हसली. ती मूळची पुण्याची, आता बंगळूरच्या जयनगरात राहणारी आर्किटेक्ट. वारसा समितीसाठी घर बघायला आली होती. यलहंका वेगळं गाव होतं तेव्हाचं हे घर. आता चहूबाजूंनी बंगळूर येऊन भिडलं होतं. समितीच्या यादीत नाव गेलं, की त्याची वीटही कुणाला हलवता येणार नव्हती. नाही गेलं, तर बिल्डर टपलेलाच होता. अर्ज सगुणाबाईंच्या दिरांनी, जयसिंगरावांनी, म्हैसुरात बसून केला होता. घर दाखवायचं मात्र सगुणाबाईंनी.

सगुणाबाईंना चैन नव्हती. दोनदा दिवा लावला, दोनदा मालवला.

“खांब फणसाचे ना?” मुग्धानं हात फिरवला. “काय तुकतुकीत आहेत!”

“एरंडेल चोळायचं. काम सुनांचं. दिवाळीतसुद्धा माझ्या हातांचा वास जायचा नाही.”

“आणि ही अंधारी खोली?”

“बाळंतिणीची. वारा लागू नये म्हणून खिडकी नाही. माझी तिन्ही बाळंतपणं इथंच.”

“किती भारी! म्हणजे मुलंही इथलीच.”

“तिघांतला विराज तेवढा राहिला,” म्हणत त्यांनी दार ओढून घेतलं.

चौकात येताच मुग्धानं मान वर केली. कौलांच्या चौकटीत निळं आभाळ. ती फोटो काढत सुटली.

सगुणाबाई पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. “यादीत जाईल का ग? खरं सांग.”

“शंभर टक्के! फक्त सोमवारी समिती येईपर्यंत कशाला हात लावू नका.”

“आणि लावला तर? आमच्याकडे कुणाला कधी काय सुचेल, नेम नाही.”

“रंग, फरशी चालवून घेतात. चौकावर पत्रा घातला, तर काढायला लावतात. पण स्लॅब पडला ना, की संपलं. मग समिती घराकडे बघतसुद्धा नाही.”

“बघतसुद्धा नाही?”

“अजिबात. पण तुम्ही असताना मला काळजी नाही, आजी.”

“सरी, बरं,” सगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी तिला कॉफी पाजली, कुंकू लावलं, रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

मग घाईघाईनं आत येऊन त्यांनी विराजला फोन लावला. तो पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावर होता; मागं यंत्रं खडखडत होती.

“काय म्हणाल्या बाई, आई?”

“यादीत जातंय म्हणाली. ऐक, गवंड्याला आजच घेऊन ये. सोमवारच्या आत चौक बुजला पाहिजे. पत्रा नको रे, स्लॅबच टाक.”