सुनेचं वजन

बीटी कापसाची बोंडं एकदम फुटली होती अन् वेचणीला बाया मिळत नव्हत्या. सुनेला, जयमालेला, सातव्या महिन्याच्या तपासणीला वडनेरच्या दवाखान्यात न्यायला गीताबाईला सवड कुठली?

"सिस्टर वजनच तं करते नं? मंग व्यापाऱ्याचा काटा दारातच हाये. राह्य त्याच्यावर उभी!"

कापूस न्यायला आलेला व्यापारी चहाला गेला होता, तेवढ्यात जयमाला काट्यावर चढली.

"आत्याबाई, हा तं शेहेचाळीस दाखोते! मागच्या महिन्यात कार्डावर पन्नास होतं."

गीताबाईनं वाकून आकडा पाहिला. "अवं माय! लेकरू वाळून राह्यलं का पोटात?" दारातला कापूस तसाच टाकून तिनं सुनेला ऑटोत घातलं.

सिस्टरनं वजन केलं, पोट तपासलं, बाळाचे ठोके ऐकवले.

"बावन्न किलो भरली. बाळ झकास हाये, आजी. घाबरल्या काऊन एवढ्या?"

गीताबाईनं पदरानं डोळे पुसले, सुनेच्या गालावरून हात फिरवला. मग कितीतरी वेळ ती दवाखान्याच्या काट्याकडं पाहत राहिली.



"सिस्टरबाई, घंटाभर हा काटा मले देता का? आमचा कापूस अजून मोजाचा हाये."