पुठ्ठ्याखालची बाही

चित्रात पाच मुलं होती, एक कुत्रं होतं आणि एक गोठलेलं तळं. चार मुलांच्या कोटांना रंग होता: दोन तपकिरी, एक पिवळा, एक विटकरी. कुत्रंसुद्धा पिवळसर होतं. पाचवं मूल अगदी उजव्या कडेला उभं होतं आणि राखाडी होतं. त्याचा एक हात चौकटीच्या आतल्या पांढऱ्या पुठ्ठ्याखाली गेला होता.

शेजारी विद्यापीठाने पाटी लावली होती. स्टेफानिया हृत्सक यांनी आपल्या चार मुलांसोबत एक रंगहीन आकृती रंगवली आहे, ती बहुधा तान्हेपणीच दगावलेल्या अपत्याची असावी, असं पाटीचं म्हणणं होतं. व्हेराने ती दोनदा वाचली.

“ही मी आहे,” ती म्हणाली. “अजून दगावले नाही.”

नदीन कानापर्यंत लाल झाली. संग्रहातल्या चित्रांची डागडुजी करणारी ही तरुण मुलगी व्हेराला घ्यायला दारापर्यंत आली होती. पाटी एका प्राध्यापकांनी लिहिली होती, घरच्यांना विचारायचं राहून गेलं होतं. आजच्या आज काढते, असं नदीन म्हणाली. व्हेराने घाई नाही म्हणून सांगितलं.

तिला खरोखरच घाई नव्हती. रागही नव्हता. आई पानगळीत गेली, तेव्हाही तिला काही झालं नव्हतं. लोक खांद्यावर हात ठेवत होते आणि ती पाहुण्यांसाठी कॉफी किती लागेल याचा विचार करत होती. आता ती गाडीत आईची उरलेली सगळी चित्रं आणि रंगांची पेटी घालून आली होती. सगळं विद्यापीठाला देऊन टाकायचं होतं. एखादं तरी स्वतःकडे ठेव, असं मोठा भाऊ ओरेस्ट फोनवर सांगत होता. तिने नको म्हटलं. सही करायची आणि रस्त्यावर बर्फ धरायच्या आत घरी पोचायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

हे चित्र विद्यापीठाने घेतलं तेव्हा व्हेरा चार वर्षांची होती. तिने ते नीट पाहिलं चौदाव्या वर्षी, शाळेच्या सहलीत. तेव्हा ते प्राध्यापकांच्या भोजनगृहात, दक्षिणेच्या मोठ्या खिडकीसमोर टांगलेलं असे. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या हिवाळ्यात बर्फावरून परतलेलं ऊन दिवसभर त्या भिंतीवर असायचं. त्या संध्याकाळी तिने घरी विषय काढला, तर ओरेस्ट तोंडात पेरोही, बटाट्याची उकडलेली करंजी, कोंबत म्हणाला होता, “पाचवी ना तू. तुझ्यापर्यंत येईतो रंग संपला.” भावंडं हसली. आई शेगडीकडे तोंड करून उभी होती. ती हसली का, ते दिसलं नाही.

व्हेराने आईला त्याबद्दल कधी विचारलं नाही. पुढे पुढे कशाबद्दलच विचारलं नाही. आई स्वतःही विद्यापीठात कधी फिरकली नाही. तिथे दारात बूट काढायचे की नाही ते कळत नाही, असं म्हणायची.

नदीनला चित्राचा फोटो काढायचा होता. त्यासाठी तिने ते खाली उतरवलं, आतल्या खोलीत नेलं आणि लांब टेबलावर पालथं ठेवून मागचे खिळे एकेक करून काढू लागली. भोवतीच्या उभ्या तारेच्या जाळ्यांवर प्रांतातल्या कितीतरी चित्रकारांची कामं टांगलेली होती. व्हेराने तोवर रंगांची पेटी उघडून दिली. तपकिरी, पिवळी, विटकरी अशा चपट्या झालेल्या नळ्या. कोपऱ्यात फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेली एक लहान नळी होती. व्हेराने ती ओळखली. मुलांनी तिला हात लावायचा नाही, असा घरचा नियम होता.

तुमच्या आई ती कशासाठी वापरायच्या, असं नदीनने विचारलं. व्हेराला माहीत नव्हतं. विकायच्या चित्रांतल्या फुलांसाठी असेल, ती म्हणाली.

नदीनने नळीवरची अक्षरं वाचली. रंग गुलाबी होता. बाकीचे मातीचे रंग आहेत, तिने सांगितलं, सगळ्यात स्वस्त, पण हजार वर्षं ढिम्म हलत नाहीत. हा या पेटीतला सगळ्यात महाग रंग, आणि सगळ्यात नाजूक. ऊन लागलं की उडतो.

बोलता बोलता तिने चित्र उताणं केलं आणि पुठ्ठा उचलला.

पुठ्ठ्याखाली चित्राची एक अरुंद पट्टी होती. तिच्यात मुलाची उरलेली बाही होती, कोपरापासून मनगटापर्यंत. कुंपणाकडेच्या रानगुलाबासारखी गुलाबी. पुठ्ठ्याची कड जिथे टेकत होती, तिथे सुरीने कापल्यासारखा रंग थांबत होता आणि राखाडी सुरू होत होतं.

“आख्खा कोट असाच होता,” नदीन म्हणाली. “चुण्या दाखवायला वर लावलेलं काळं तेवढं मागे राहिलंय.”

व्हेरा वाकली.

“माझ्याकडे असा कोट कधीच नव्हता,” ती म्हणाली. “मी ओरेस्टचा उतरलेला तपकिरी घालायचे.”

नदीनने कपाटातून रंग मोजायचं यंत्र आणलं. त्यावर शून्य म्हणजे निव्वळ राखाडी, आकडा वाढेल तसा रंग जास्त, तिने सांगितलं. ते आधी तिने कोटाच्या उघड्या भागावर धरलं, मग बाहीवर, आणि आकडे टिपून घेतले.

“किती आलं?” व्हेराने विचारलं.

कोट तीन. बाही एकोणसाठ.