चाकांचा निरोप

चिमाजीने खोका उघडला, आत पाहिलं आणि झाकण परत लावून टाकलं.

“हे मी नाय बसवीत, ताई. दुसरीकडं बघा.”

खोक्यात चार स्पेसर होते. ॲल्युमिनियमच्या, दोन बोटं जाडीच्या चकत्या. चाकाच्या आतल्या बाजूला त्या बसवल्या की चाकं बाहेर सरकतात, जीप रुंद दिसते आणि खडकाळ वाटेवर पाय रोवून चालते. हौसेला मोल नसतं. सिन्नर रस्त्यावरच्या चिमाजीच्या गॅरेजसमोर एके काळी याच कामासाठी नाशिकची पोरं रांग लावायची. गेल्या चार वर्षांत मात्र त्याने एकही स्पेसर बसवला नव्हता. का, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

समोरची बाई तिशीची असेल. इंदिरानगरहून आले म्हणाली. जीप नवऱ्याची, नवी कोरी, बॉनेटवर अजून झेंडूचा हार. तिने खोका परत घेतला नाही.

“तुम्हीच बसवा, काका. शंभर किलोमीटर झाले की नट परत आवळायला मी स्वतः गाडी घेऊन येईन.”

चिमाजी चपापला. परत आवळण्याची गोष्ट गिऱ्हाईक आपण होऊन कधीच काढत नाही. स्पेसरची खरी मेख तीच. बसवताना नट कितीही आवळा, पहिल्या शे-दीडशे किलोमीटरमध्ये ते थोडे ढिले होतात. ते पुन्हा आवळले नाहीत तर एक दिवस चाक गाडीला सोडून पुढे पळतं. गिऱ्हाइकं विसरतात, म्हणून चिमाजी तिसऱ्या दिवशी न चुकता प्रत्येकाला फोन करायचा.

एकदा चुकला. निदान त्याला तसं वाटत होतं. संघर्ष नावाचा एक हसरा पोरगा जीपला स्पेसर लावून गेला आणि आठवड्याच्या आत वणीच्या घाटात त्याचं पुढचं डावं चाक निघालं. गाडी दरीत गेली. पोरगा जागीच गेला. धुकं होतं, वेग असेल, असं लोक म्हणाले. चिमाजीला कुणी काही विचारलं नाही. त्याने स्वतःला मात्र रोज विचारलं, त्या पोराला आपण फोन केला होता का? काही केल्या आठवेना. जुना मोबाइल मोडीत गेला होता, त्यातल्या नोंदीही गेल्या. बायकोला, वत्सलाबाईला, शंभरदा विचारून झालं. ती म्हणे, “केला असंल की.” त्या ‘असंल’नेच त्याला पोखरलं.

लग्नाला गेला तरी तो आधी मांडवाबाहेरच्या गाड्यांपाशी जायचा आणि उकिडवा बसून परक्यांच्या चाकांचे नट चाचपायचा. एकदा वऱ्हाडाने त्याला चोर समजून धरलं. रस्त्याने जाणाऱ्या कुठल्याही गाडीचं चाक टकटक वाजलं की तो भरल्या ताटावरून उठायचा. दरीत गेलेलं ते चाक चार वर्षं त्याच्या मागे घरंगळत होतं.

“परत आवळायचं तुमाला कुणी सांगितलं?” त्याने विचारलं.

“मी दिशा. संघर्षची बहीण.”

चिमाजी बाजूच्या टायरवर बसला. आता ही जाब विचारणार. विचारू दे, त्याला वाटलं, एकदाचं होऊन जाऊ दे.

“तुम्ही फोन केला होता, काका,” दिशा म्हणाली. “गुरुवारी सकाळी. दादा आंघोळीला गेला होता, फोन मी उचलला. सांगते म्हणाले आणि सांगितलंच नाही. शनिवारी तो घाटात गेला. आईला हे अजून माहीत नाही. माझ्यामुळे गेला तो.” तिने डोळे पुसले. “यांनी स्पेसर आणले तेव्हा मी लाख नको म्हटलं. ऐकेनात. मग म्हटलं, बसवायचेच तर फोन करणाऱ्या माणसाकडून बसवा.”

चिमाजीने डोळे मिटले. केला होता. आपण फोन केला होता. त्याला एकदम हलकं वाटलं, इतकं की समोर एक बाई रडते आहे याचीही त्याला क्षणभर शुद्ध राहिली नाही. मग स्वतःचीच लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, “मी काय बोललो होतो फोनवर?”

“शब्द न् शब्द पाठ आहे मला. ‘दादांना सांगा, चाकांचं थोडं काम ऱ्हायलंय. सवड झाली की आणा गाडी.’ ते काम म्हणजे नट आवळणं, हे दादा गेल्यावर कळलं.”

बोल त्याचेच होते. सगळ्यांना तो एवढंच सांगायचा. नव्या गाडीच्या मालकापुढे चाक निघण्याची भाषा करू नये, हार सुकायच्या आत तोंडातून अभद्र काढू नये, असं त्याच्या उस्तादाने त्याला शिकवलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःच्या नावाचीही काळजी होती. नट ढिले होतात म्हटलं तर गिऱ्हाईक म्हणणार, मग तुम्ही आवळलं काय? म्हणून तो गोड बोलायचा. लोकही आपापल्या सवडीने यायचे आणि इतकी वर्षं ते निभावून गेलं होतं.

दिशा पदराने तोंड झाकून रडत होती. चिमाजी गप्प बसला असता तर सुटला असता. ते चाक तिच्या मागे लागलं असतं, आयुष्यभर, आणि त्याला रात्रीची झोप लागली असती. तो उठून तिच्यासमोर उभा राहिला.

“ताई, तुमच्यामुळं नाय गेला तो,” चिमाजी म्हणाला. “चाक निघंल, असं मी बोललोच नव्हतो.”