सदुसष्ट किलो

"काकू, तेव्हा तुमचं वजन किती होतं हो?" बाईंनी विचारलं, आणि त्याच्या हातातला चहा बशीत सांडला.

बाई त्या बंद पडलेल्या विमान कंपनीचा इतिहास लिहीत होत्या. नऊ आसनांची दोन विमानं, सहा वर्षांचा कारभार, एक अपघात आणि मग टाळं. तिकीट खिडकी आणि वजनकाटा सांभाळणारा तो तेवढा आता हयात होता. विमानं इतकी लहान, की सामानाबरोबर प्रवाशालाही काट्यावर चढवावं लागे.

"बायकांना वजन विचारू नये," तो हसत म्हणाला.

"मी कुठे विचारतेय काका? कागद विचारतोय." बाईंनी शेवटच्या फेरीची यादी पुढे सरकवली. काकूंच्या नावापुढे त्याचंच अक्षर. सदुसष्ट किलो. भार जास्त, उतरवले. "भिंतीवरचा लग्नाचा फोटो दोनच महिन्यांनंतरचा ना? त्यात काकू पन्नासच्याही वाटत नाहीत."

बायको फोटोखाली भाजी निवडत होती.

एकतीस वर्षं तो याच प्रश्नाला भीत आला होता. तिकीट काढायला ती खिडकीशी आली, तेव्हाच त्याचा जीव जडला होता. तिनं जाऊ नये, म्हणून त्यानं काट्याच्या कडेवर हळूच पाय दाबला. तिच्या जागी रांगेतले एक हडकुळे शाळामास्तर बसले. विमान डोंगरावर आदळलं. कुणीच वाचलं नाही.

यानं पोरीचा जीव वाचवला, असं गावभर झालं. तिचे वडील आपण होऊन दारात आले. "पोर आता तुमचीच," म्हणाले. नाही म्हणायला त्याला तोंड कुठे होतं? तेव्हापासून कुणी पाया पडायला वाकलं, की तो पाय मागे घेई.

आता बायकोला कळणार. मग ती या घरात कशाला थांबेल?

"काटा..." त्यानं सुरुवात केली.

"काटा बरोबर होता," बायको म्हणाली. भाजीवरची नजर तिनं उचलली नाही. "वडिलांच्या दुकानातली पाच-पाच किलोची दोन वजनं मी कपड्यांखाली कमरेला बांधली होती."

"अगं बाई! का पण?" बाईंनी विचारलं.

"मामाकडे पाठवून माझं लग्न उरकणार होते." तिनं देठं गोळा केली. "आणि मला लग्नच करायचं नव्हतं."