पुन्हा रुजू

"उंबऱ्यात रेंगाळू नकोस," शेजारच्या ताईंनी बजावलं. पाच महिन्यांचं बाळ त्यांच्या खांद्यावर होतं. "रडायचं तर कोपऱ्यापलीकडे जाऊन रड. पाय मागे फिरायला क्षणही लागत नाही."

बाळाची आई, कारखान्यातली क्रेनवाली, निघाली; रजेनंतरचा आज पहिला दिवस. नवरा पहाटेच्या पाळीला गेलेला, आई दूरगावी. ताईंचाच काय तो आधार. छापखान्यात बारा वर्षं काढलेली बाई. नोकरदार आयांचं सगळं त्यांना ठाऊक. जादा सदराही त्यांनीच पिशवीत कोंबला होता.

कारखान्यात फोरमन वाटच बघत होता.

"दोन टनांचा साचा खडूच्या वर्तुळात ठेवायचा. नाही जमलं तर सध्या गोदामात बसा. बाळंतपणानंतर हात बसायला वेळ लागतो म्हणतात."

"हात बसलेलाच आहे," ती म्हणाली आणि शिडी चढली.

पण वर केबिनमध्ये तिनं दांडा घाईनं ओढला. साचा हेलकावला आणि रेघेबाहेर टेकला. खाली कुणीतरी खाकरलं.

"पुन्हा एकदा करते," तिनं वरून सांगितलं.

"जेवणानंतर बघू."

सुट्टीत तिनं आधी दुधानं भिजलेला सदरा बदलला, मग फोन लावला.

"दूध पिऊन झोपलंय लबाड," ताई म्हणाल्या. "तुझं सांग. आत शिरताना काय वाटलं? लोक काय म्हणाले?"

"ताई, हात कापतात माझे."

"कापू देत. हातांना विचारून का कुणी कामाला जातं? चढ वर."

ती चढली. या वेळी घाई केली नाही. हेलकावा पुरता थांबू दिला, मग साचा इंचाइंचानं उतरवला. वर्तुळाच्या मधोमध.

फोरमननं दोनदा वाकून पाहिलं. "उद्यापासून नेहमीची पाळी," एवढंच म्हणाला.

घरी येताच बाळ तिच्याकडे झेपावलं. ताईंनी पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारलं. शिडी, केबिन, फोरमनचा चेहरासुद्धा. तिनं हौसेनं सांगितलं.

"तुमच्यासारखी अनुभवी बाई पाठीशी होती, म्हणून निभावलं," ती म्हणाली. "तुमच्या मुलीच्या वेळी तुम्ही कामावरचा पहिला दिवस कसा काढलात हो?"

ताई लंगोटाची घडी घालत होत्या. ती पुरी झाली तरी हात त्यावरून फिरतच राहिला.

"मी परत गेलेच नाही गं," त्या म्हणाल्या.